आधीचे सदतीस बघू नका, तिकिटावरचं गाव मात्र बघा

तुमची पोस्ट काल रात्री दुकानाचं शटर ओढता ओढता वाचली आणि एकटाच हसलो. तुम्ही फोंड्याचे, मुलगा आठवीत. त्याने हट्टाने मार्व्हलच्या, म्हणजे त्या अमेरिकन सुपरहिरोंच्या, सिनेमाला नेलं, तुम्हाला ओ की ठो कळलं नाही. आता डिसेंबरात त्यातलाच 'डूम्सडे' येतोय म्हणून त्याने तुमच्यापुढे सदतीस सिनेमांची यादी ठेवलीय. वर तुमचा प्रश्न, हे सगळं बघूनच जायला हवं का, की मीच म्हातारा झालो?

म्हातारे झालेला नाहीत. मी या खड्ड्यात पडून वर आलेला माणूस आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधीच सांगून ठेवतो, मी समीक्षक वगैरे नाही. डिचोलीत औषधांचं दुकान आहे. नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, चार दिवस पणजीला पळतो, उरलेलं वर्ष जे लागेल ते बघतो. तेव्हा हे एका गिऱ्हाइकाचं मत समजा. कुठला सिनेमा कुठल्या ओटीटीवर आहे ते मुलालाच विचारा, त्याला तोंडपाठ असणार.

मार्व्हलचा 'एण्डगेम' २६ एप्रिल २०१९ला लागला. २००८च्या 'आयर्न मॅन'पासून मोजलं तर बाविसावा. तोवर मी त्यातले सात-आठ पाहिले असतील, तेही उलटसुलट. भाचा बारावीचे पेपर देऊन मोकळा झाला होता. त्याने वेळापत्रकच आखलं, रोज रात्री साडेनऊला एक सिनेमा, एकवीस रात्री. मी दुकानातल्या उधारीच्या वहीत मागच्या पानांवर टिपणं काढायचो. कुठला दगड कोणाकडे, कोण कोणाचा सावत्र भाऊ, कोण मेला आणि कोण नुसता मेल्यासारखा दिसला. थॉरच्या दुसऱ्या भागाला मला झोप लागली, तर पठ्ठ्याने उठवून सिनेमा मागे नेला आणि पुन्हा दाखवला. एकविसाव्या रात्री मजा म्हणून काही उरलं नव्हतं, अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं समाधान तेवढं होतं. ही माझी चूक नंबर एक. पण महागात पडली ती दुसरी.

तिकिटांवर झुंबड होती. ॲपमध्ये शहर निवडायला गेलं की 'गोवा' एवढंच येतं. पेडण्यापासून काणकोणपर्यंत अख्खं राज्य म्हणजे एक शहर. खाली पणजी, पर्वरी, मडगाव सगळं एकाच यादीत. एकाच साखळीची चित्रपटगृहं असली की नावाची सुरुवात तीच, आणि गावाचं नाव ओळीच्या शेवटी. माझ्या फोनवर नेमकी तिथे तीन टिंबं यायची. शुक्रवारचा सव्वासहाचा शो, एका रांगेत सहा खुर्च्या हिरव्या दिसल्या, मी दाबून मोकळा झालो. मी, बायको, आई, भाचा आणि त्याचे दोन मित्र.

शुक्रवारी दुकान लवकर बंद केलं. मंगळवारीच लोकसभेचं मतदान झालं होतं, बोटावरची शाई काळीकुट्ट होती. ओम्नीत सगळ्यांना कोंबून पावणेसहाला पणजीत पोचलो. मांडवीच्या कडेला गाडी लावली, आईला हात धरून पायऱ्या चढवल्या. दारावरच्या पोऱ्याने फोनवरचं तिकीट यंत्राला दाखवलं, यंत्र दोनदा कुरकुरलं. त्याने फोन हातात घेतला, बोटाने ओळ सरकवली आणि म्हणाला, "हें मडगांवचें."

तेव्हा झुवारीचा नवा पूल झालेला नव्हता, नुसते खांब उभे होते. जुन्या पुलावर शुक्रवारच्या संध्याकाळी काय व्हायचं ते तुम्हाला सांगायला नको. आगशीच्या अलीकडेच गाडी थांबली. पुढे ट्रक, मागे कदंबची बस, बाजूने स्कूटरवाले आरशाला घासून जाणारे. मागच्या सीटवर भाचा घड्याळ बघून समालोचन करत होता, "मामा, जाहिराती संपल्या असतील. मामा, आता सुरू झाला असेल." पूल ओलांडून कुठ्ठाळीला आलो तेव्हा तोही गप्प झाला. बायको तर आगशीपासूनच गप्प होती.

सात वीसला अंधारात पाय चाचपत आत शिरलो. पडद्यावर दाढी वाढलेला, पोट सुटलेला थॉर हातात बीअर घेऊन उभा. आईने बायकोला विचारलं, "हो बेबदो (दारुडा) कोण गे?" पुढच्या रांगेतले चौघे वळून हसले.

म्हणजे हॉकआयचं कुटुंब गायब होतं तो पहिला प्रसंग गेला. खलनायक थॅनोसचं मुंडकं उडतं तेही गेलं. एकवीस रात्री ज्याच्यासाठी जागलो त्याचा आरंभच हुकला, तो नंतर घरी टीव्हीवर पाहिला. आणि गंमत बघा. स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, अंत्यविधीनंतर त्याची लहानगी मुलगी चीजबर्गर मागते, तिथे आईने पदर डोळ्यांना लावला. तिने आधीचा एकही पाहिलेला नव्हता. चीजबर्गर म्हणजे काय हेही परत येताना गाडीत विचारलं. मी मात्र तेव्हा वहीतलं टिपण आठवत होतो, चीजबर्गर पहिल्या भागात कुठे होता म्हणून.

आता तक्रारीचा भाग. हा वगळलात तरी चालेल, पण मला लिहायचाच आहे. चूक माझीच, मान्य. माझं म्हणणं एवढंच होतं की गावाचं नाव दिसत नाही ते दुरुस्त करा आणि निदान वरचा सुविधा आकार तरी परत द्या. तिकीट विकणाऱ्यांना लिहिलं. उत्तर आलं, चित्रपटगृहाशी संपर्क साधावा. चित्रपटगृहाला फोन केला. तिथला सद्गृहस्थ म्हणाला, पैसे ॲपने घेतले, आम्ही काय करणार. पुन्हा ॲपकडे गेलो. प्रत्येक वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. अकरा दिवस हा टेबल टेनिस चालला आणि मी चेंडू. शेवटी शंभर रुपयांचं कुपन आलं. महिन्याभरात वापरायचं, तेही सोमवार ते गुरुवार, तेही खाण्यापिण्यावर आणि ठरावीक रकमेच्या वर. लगेच पाठोपाठ निरोप, आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. औषधाच्या दुकानात मी असा वागलो तर लोक काचा फोडतील. असो. कुणाचं नाव घेत नाही, हल्ली सुधारलेही असतील.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय. तुम्हाला आगाऊ वाटलं तर सोडून द्या. जो सिनेमा समजायला आधी दुसरीकडे जाऊन अभ्यास करावा लागतो, तो सिनेमा आळशी. 'डॉक्टर स्ट्रेंज'चा २०२२चा भाग बघा. वांडा अशी का वागते हे कळायला 'वांडाव्हिजन' ही मालिका पाहिलेली हवी. २०२३च्या 'द मार्व्हल्स'चं तेच, तिघींपैकी दोघींची ओळख मालिकांत. पावणेदोन तासांचा सुटसुटीत सिनेमा, पण लोक फिरकलेच नाहीत. तिकिटाचे पैसे घेऊन वर गृहपाठ द्यायचा, तर माणूस घरीच बसणार.

आमच्याकडे जत्रेत दशावतार होतो. तिथेही तेच देव, तेच राक्षस, शेकडो वर्षांची फ्रँचायझीच म्हणा ना. पण मध्यरात्री खाजं घेऊन कोणी मधूनच येऊन बसला तरी दोन मिनिटांत त्याला कळतं कोण चिडलाय आणि का चिडलाय. नट ते त्याच्या तोंडावर आणून दाखवतो. हे ज्याला जमतं त्याचा विसावा भागही चालतो. 'टॉप गन मॅव्हरिक' पहिल्या भागानंतर छत्तीस वर्षांनी आला, तरी पहिला न पाहिलेल्या माझ्या बायकोला कुठेही अडलं नाही. मेलेल्या मित्राचा मुलगा समोर उभा आहे, एवढं पुरतं. उलट 'मिशन इम्पॉसिबल'चा २०२५चा शेवटचा भाग. पहिला तासभर जुन्या भागांची उजळणी चालते, २००६च्या तिसऱ्या भागातली वस्तू उकरून काढलीय. मी चुळबुळत होतो. मग नायक बुडालेल्या पाणबुडीत शिरतो, बोलणं जवळजवळ थांबतं, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्या भागासाठी तिकीट वसूल.

हिंदीतलं सांगायचं तर 'सिंघम' २०११चा अजून आवडतो. सीमेवरचा साधा इन्स्पेक्टर, गोव्यातला गुंड, आणि प्रकाश राजचा जयकांत शिक्रे. २०२४च्या 'सिंघम अगेन'मध्ये रामायण, श्रीलंका आणि दर पंधरा मिनिटांनी एक नवा हिरो एंट्री घेतो. लग्नातली आहेराची रांग वाटली मला. भाच्याला आवडला, तेव्हा वाद नको.

आणि आपला 'दृश्यम'. दोन ऑक्टोबरच्या सत्संगावरून पणजीकरांना अजून किती ऐकून घ्यावं लागतं ते सोडा, पण भाग दोन कसा करावा हे २०२२च्या 'दृश्यम २'कडून शिकावं. आधीच्यातलं एकच माहीत असलं की झालं, प्रेत कुठे पुरलंय. बाकी सगळं नव्याने. पहिल्या भागात विजय साळगावकर बसची, सिनेमाची तिकिटं, हॉटेलची बिलं जपून ठेवतो आणि त्यावर सगळं कुटुंब वाचवतो. चौथी नापास माणूस. मी बी. फार्म. होऊन तिकिटावरचं गावाचं नाव वाचलं नव्हतं, हे बायको तो सिनेमा लागला की दर वेळी ऐकवते.

तुमच्या डिसेंबरचं म्हणाल तर मी तीनच सांगेन. 'इन्फिनिटी वॉर', 'एण्डगेम' आणि २०२५चा 'फॅन्टास्टिक फोर'. शेवटचा वेगळ्याच पृथ्वीवर घडतो, साठच्या दशकाचा थाट आहे, आधीचं काहीही लागत नाही. नावं संपून दिवे लागेपर्यंत उठू नका, मधेच डूमची, म्हणजे नव्या खलनायकाची, पाठमोरी झलक आहे. डूम झालाय तो रॉबर्ट डाउनी, म्हणजे जुना आयर्न मॅनच, त्याने गोंधळू नका. जुने एक्स-मेनवालेही येणार आहेत, ते कोण हे मुलाला सिनेमागृहात विचारा, त्याला सांगायला आवडेल. यादीतले बाकीचे चौतीस त्याच्या आनंदासाठी बघायचे तर जरूर बघा, पण रोज एक नको. आणि यादीत 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' असेल तर तो आपल्याकडे 'ए' प्रमाणपत्राचा आहे, आठवीतल्या मुलाबरोबर बसून तुम्हीच अवघडाल.

तारीख १८ डिसेंबर जाहीर झालीय, पुढेमागे होऊ शकते, आधीही झालीय. बुकिंग उघडलं की इंग्रजी की हिंदी, थ्रीडी की साधा हे बघा. चष्मा असेल तर साधाच बरा, चष्म्यावर चष्मा चढवून आईचं डोकं दुखलं होतं. आणि फोन आडवा करा, म्हणजे पूर्ण नाव दिसतं. चुकून मडगावचं निघालंच तर आता नवा पूल आहे, तुम्हाला फोंड्याहून बोरीमार्गे तसंही त्याची गरज नाही. आम्ही पर्वरीला जाऊ म्हणतोय. परवा जेवताना विषय काढला तर आईने ताटावरून मान वर न करता विचारलं, "तिकिटां खंयचीं?"