पहिली ऑल-माउंटन स्की निवडताना

प्रश्न : गेले काही हंगाम मी भाड्याच्या स्कींवर शिकत आलो आहे. मध्यम उतारांवर दोन्ही स्की समांतर ठेवून वळणे घेता येतात. पण बर्फ कडक असला की वळणाच्या बाहेरच्या बाजूची स्की घसरते आणि स्नोप्लाऊची, म्हणजे स्कींची पुढची टोके जवळ आणून मागची फाकवत घसरण्याची, जुनी सवय डोके वर काढते. ताजा बर्फ पडला की यंत्राने दाबलेल्या उताराच्या कडेला जाऊन चार वळणे घेण्याचा मोहही होतो. आता स्वतःची ऑल-माउंटन, म्हणजे दाबलेल्या आणि ताज्या अशा दोन्ही बर्फांवर चालणारी, जोडी घ्यावी असे वाटते. माझी उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन ७० किलो आहे. एक अनुभवी मित्र म्हणतो की, कंबरेला (स्कीच्या मधल्या अरुंद भागात) १०० मिलिमीटर रुंद, लांब आणि ताठ स्की घे, म्हणजे पुढे प्रगती झाली तरी ती पुरेल. हा सल्ला मानावा का? जुनी स्की घेतली तर चालेल का?

उत्तर : मित्राचा सल्ला त्याच्या स्वतःच्या स्कीइंगला साजेसा असेल, तुम्ही मात्र तो मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उद्या आपण जसे होऊ अशी आशा आहे त्या स्कीपटूसाठी घेतलेली स्की आजच्या स्कीपटूची प्रगती अडवते, आणि तुमच्या पत्रातच त्याचे कारण आले आहे : बाहेरची स्की घसरते, म्हणजे स्की कलवून तिच्या धातूच्या कडेवर उभे राहण्याचे कौशल्य अजून पक्के व्हायचे आहे.

या कौशल्याचा आणि कंबरेच्या रुंदीचा संबंध नीट समजून घ्यावा. स्कीच्या पृष्ठभागावर १२८-८६-११२ अशा धर्तीचे तीन आकडे छापलेले असतात. ते अनुक्रमे पुढचे टोक, कंबर आणि शेपटी यांची मिलिमीटरमधील रुंदी सांगतात. मधला आकडा सर्वांत महत्त्वाचा. बुटाचा तळ पुढच्या बाजूला सुमारे ७० मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे स्कीची कड पावलाच्या बाहेर किती जाते हे कंबरच ठरवते. कंबर ८४ असेल तर कड पावलाच्या मध्यरेषेपासून ४२ मिलिमीटरवर येते, १०० असेल तर ५० वर. स्की कलवली की कडक बर्फाचा सारा दाब त्या कडेवर एकवटतो आणि स्कीला पुन्हा आडवे पाडू पाहतो. कड मध्यरेषेपासून जितकी दूर, तितका हा पीळ जास्त, आणि तो घोट्याला व गुडघ्यालाच पेलावा लागतो. शिवाय रुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते. भुसभुशीत बर्फात चित्र उलटे होते : तिथे स्की बर्फात रुतते, दाब संपूर्ण तळावर पसरतो आणि रुंदीमुळे ती वर तरंगते. ऑल-माउंटन म्हणवल्या जाणाऱ्या बहुतेक स्कींची कंबर ८० ते १०० च्या आसपास असते, कारण त्यांना या दोन्ही गरजा सांभाळायच्या असतात. तुमचा बहुतेक वेळ दाबलेल्या बर्फावर जातो, तेव्हा तुम्ही ८२ ते ९० च्या दरम्यानची स्की पाहावी. त्या रुंदीवर ताज्या बर्फातली चार वळणेही सुखाने होतात.

लांबीसाठी हनुवटी ते डोक्याचा माथा हा ढोबळ पट्टा धरतात. तुमच्या उंची-वजनाला १६५ ते १७२ सेंटिमीटर योग्य वाटते. इथे रॉकरचा विचार करावा. दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा आणि बाजूने पाहा. मध्यभागी फट दिसते तो कॅम्बर. त्याच्यामुळे वजन टाकल्यावर कड सर्व लांबीभर बर्फाला चिकटते. टोकांकडे स्की एकमेकींपासून टोकाच्या बऱ्याच अलीकडेच दूर होऊ लागत असतील, तर तो रॉकर. रॉकर जितका लांब, तितकी कडक बर्फावर प्रत्यक्ष टेकणारी कड कमी, म्हणून अशी स्की थोडी लांब घेतली तरी चालते. तुम्हाला पायाखाली कॅम्बर, पुढे मध्यम रॉकर आणि मागे अगदी थोडा, अशी रचना अनुकूल ठरेल. वळणाची त्रिज्या, म्हणजे स्कीच्या बाजूंच्या वक्रतेवरून ठरणाऱ्या वळणाचा आकार, १४ ते १७ मीटर असावी.

ताठपणाच्या बाबतीत मित्राचे म्हणणे मला सर्वांत जास्त खटकले. टायटॅनलचे, म्हणजे एका ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, दोन पूर्ण थर असलेली स्की वेगात फार स्थिर असते, पण ती वाकण्यासाठी वेग आणि जोर दोन्ही मागते. मध्यम वेगात ती वाकतच नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही. मग ती ढकलून, घसरवून वळवावी लागते. नेमकी हीच सवय तुम्हाला सोडायची आहे. लाकडी गाभ्याची, धातू नसलेली किंवा पायाखाली मोजकाच धातू असलेली स्की घ्या.

या सगळ्याआधी एक प्रश्न : बूट स्वतःचे आहेत का? नसतील तर पैसे आधी तिकडे घाला. आतले अस्तर काढून नुसत्या कवचात पाऊल ठेवा आणि बोटे पुढे टेकवा. टाचेमागे साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरावी. सैल बुटातून दिलेला इशारा कोणत्याही स्कीपर्यंत पोहोचत नाही.

बूट स्कीला जखडणाऱ्या बाइंडिंगचा ब्रेक, म्हणजे सुटलेली स्की थांबवणारे काटे, कंबरेइतका किंवा थोडा जास्त रुंद असावा, आणि बुटाच्या तळाचा प्रकार बाइंडिंगला मानवणारा असावा. ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा असा वक्र तळ, प्रत्येक जुन्या बाइंडिंगमध्ये चालत नाही. सुटण्याचा आकडा, म्हणजे पडताना किती जोराने बाइंडिंगमधून बूट सुटेल ते ठरवणारी मांडणी, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची शैली यांवरून तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यावा. स्की वारंवार निघते म्हणून स्क्रू स्वतःच आवळणे धोक्याचे आहे, कारण पडताना न सुटलेली स्की गुडघ्याचा अस्थिबंध फाडू शकते.

शक्य असेल तर दोन-तीन जोड्या एकाच दिवशी, एकाच उतारावर चालवून पाहा. कडांना धार आहे याची आधी खात्री करा, नाहीतर बोथट धारेचा दोष तुम्ही स्कीच्या माथी माराल. दुपारी, पाय थकल्यावर आणि बर्फ विस्कटल्यावर, पुन्हा एकदा चालवा. सकाळच्या गुळगुळीत बर्फावर जवळजवळ प्रत्येक स्की चांगली वाटते.

जुनी जोडी घ्यायला हरकत नाही. कडेवरून बोट न ओढता नजर फिरवा : कड तुटलेली, गंजून खोल खड्डे पडलेली किंवा घासून अगदी बारीक झालेली नसावी. बाजूच्या भिंतीपाशी थर सुटत असल्यास ती स्की घेऊ नये. तळावरचे ओरखडे भरता येतात. कडेलगत गाभ्यापर्यंत गेलेली खोच मात्र टाळावी. बाइंडिंग इतके जुने नसावे की निर्मात्याने त्याची हमी काढून घेतल्यामुळे तंत्रज्ञ ते तपासायलाच नकार देईल; पैसे देण्यापूर्वी बाइंडिंगचे नाव सांगून त्याला हे विचारून घ्या.