मॅथ्स ठेवू की सोडू? दोन्ही ग्रुप घेतलेल्या एका मुलीची गोष्ट

"मॅडम, तिचा डबा रोज तसाच परत येतोय."

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी आईनं बोलायला सुरुवात केली ती इथून. शेजारी वडील होते आणि दोघांच्या मध्ये अकरावी सायन्सला असलेली त्यांची लेक, मांडीवर दप्तर घेऊन बसलेली. "ठेव की बाळा ते खाली," असं मी दोनदा म्हटलं, तरी तिनं ठेवलं नाही. (तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वडिलांचा प्रश्न वेगळा होता. दहावीला त्र्याण्णव टक्के मिळवणाऱ्या मुलीला पहिल्या युनिट टेस्टला मॅथ्समध्ये पंचवीसपैकी सात कसे? आणि आता ती मॅथ्सचा ग्रुप सोडते म्हणते, ते ऐकायचं का? "राहू द्या की दोन्ही ग्रुप," ते म्हणाले. "शिदोरी जड झाली म्हणून वाटेत कोण टाकून देतं?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी दर पावसाळ्यात पालक येतात. फिजिक्स आणि केमिस्ट्री तर ठरलेलंच, पण त्याच्या जोडीला मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही ठेवायचे की एकच? एक सोडला तर ओझं हलकं होईल की एक दार कायमचं बंद होईल? या मुलीच्या बाबतीत मी काय केलं ते जरा सविस्तर सांगते, कारण मला स्वतःला तिच्याकडून बरंच कळलं.

आधी तिच्याशी एकटीशी बोलले. बराच वेळ गप्प बसली, आणि मग पहिलं वाक्य बोलली ते असं: "मॅडम, मी हुशार होते." त्या 'होते'वर मी थांबले. कॉलेज सुरू होऊन जेमतेम अडीच महिने झालेले, आणि सोळा वर्षांची मुलगी स्वतःच्या हुशारीबद्दल भूतकाळात बोलत होती. मला त्या सात मार्कांपेक्षा याची काळजी वाटली.

मी तिला कोरा कागद दिला आणि गेल्या आठवड्यात प्रत्यक्षात काय काय केलं ते तासांत लिहायला सांगितलं. काय करायला हवं होतं ते नको, जे झालं तेवढंच. सकाळी पाचला उठणं, सव्वासहाची एसटी, साडेसातपासून कॉलेज, दुपारी दीड ते सहा नीटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) बॅच, घरी यायला साडेसात. शनिवार-रविवार शहरात जेईईच्या (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या) मॅथ्सचा वेगळा क्लास. रात्री जेवण करून साडेबारापर्यंत टेबलाशी. झोप साडेचार तास. डबा का परत येतो याचंही उत्तर त्याच कागदावर होतं. कॉलेज सुटल्यावर क्लास सुरू व्हायच्या आतला तास प्रवासात आणि आदल्या दिवशीचे मॅथ्सचे प्रश्न मैत्रिणीच्या वहीतून उतरवण्यात जायचा.

मग विषयवार बेरीज केली. घरच्या अभ्यासातला अर्ध्याहून जास्त वेळ एकट्या मॅथ्सला गेला होता. बायोलॉजी रात्री साडेअकरानंतर, डोळे मिटायला लागल्यावर.

"बायो एवढ्या उशिरा का?"

"ते येतं ना मॅडम. म्हणून शेवटी."

म्हणजे नीटसाठी जो विषय सगळ्यांत महत्त्वाचा, ७२० पैकी ३६० गुण ज्याचे, तो उरल्यासुरल्या वेळात. आणि जो 'असू दे जवळ' म्हणून ठेवला, तो दिवसातला ताजा वेळ खाऊन बसलेला. त्यातही मॅथ्स समजून घेण्यात वेळ जात नव्हताच. वेळ जात होता तो सोडवलेली उदाहरणं उतरवण्यात. आधीच्या इयत्तांमध्ये जे त्रिकोणमितीचं आणि बीजगणिताचं पाठांतरावर निभावलं होतं, ते आता उघडं पडत होतं. हे अकरावीत फार मुलांचं होतं आणि त्यात बुद्धी कमी पडते असं अजिबात नाही.

तिला काय व्हायचंय हे मी विचारलं. "माहीत नाही," म्हणाली, आणि लगेच घाबरून आईच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मी तिला सांगितलं की सोळाव्या वर्षी माहीत नसणं ही चूक नाही. चूक एवढीच होईल की माहीत नाही म्हणून सगळ्याच परीक्षांच्या तयारीला एकदम जुंपून घ्यायचं.

दुसऱ्या भेटीला वडिलांना एकट्याला बोलावलं. मॅथ्स कशासाठी ठेवायचं आहे, एवढंच विचारलं. "नीटला नंबर नाही लागला तर इंजिनिअरिंग," हे उत्तर तयार होतं. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं ते स्वतःच बोलायला लागले. १९९५ ला त्यांनी बारावी केली, बी ग्रुप घेऊन, म्हणजे बायोलॉजी ठेवून आणि मॅथ्स सोडून. तेव्हा सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, नव्हती, बारावीच्या गुणांवरच प्रवेश व्हायचे. मेडिकल थोडक्यात हुकलं. इंजिनिअरिंगला जावं म्हटलं तर मॅथ्स नाही. बी.एस्सी. केलं, औषध कंपनीत एमआर (डॉक्टरांना औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी) म्हणून लागले आणि पंचवीस वर्षं डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग घेऊन उभे राहिले. "तेव्हा कुणी सांगितलं असतं ना मॅडम, की मॅथ्स ठेव..."

हे त्यांनी मुलीला कधी सांगितलं नव्हतं. सांगा, असं मी म्हटलं. ज्या भीतीपायी तिच्या आठवड्यातले दोन दिवस जातायत, ती भीती कुठून आली हे तिला कळायला हवं, असं मला मनापासून वाटत होतं.

मग मी त्यांच्यासमोर काही गोष्टी मांडल्या. पालकांचा सगळ्यांत मोठा गैरसमज असतो तो विषयांच्या संख्येचा. आपल्या राज्य मंडळात बारावीला सहाशे गुण आणि शंभर-शंभर गुणांचे सहा विषय. मॅथ्स सोडलं की सहाचे पाच होत नाहीत, त्याच्या जागी भूगोल किंवा कॉलेजात शिकवत असतील तो दुसरा विषय घ्यावा लागतो. वडील चकित झाले. "म्हणजे सोडलं तरी सहाच?" हो, सहाच. सीबीएसईला पाच विषय पुरतात आणि सहावा ऐच्छिक असतो, म्हणून शेजारच्या मुलाकडे बघून हिशेब करू नये.

मग ओझं कशाचं? परीक्षांचं. एकच फिजिक्स ही मुलं चार तऱ्हांनी शिकत असतात. बोर्डाला सविस्तर उत्तर लिहायचं. नीटला तीन तासांत १८० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. जेईई मेनला तेवढ्याच वेळात ७५ प्रश्न, पण एकेक दमवणारा. सीईटीला चुकलं तर गुण कापत नाहीत, तिथे वेगाला महत्त्व, आणि साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीवर. या मुलीवर आलेला ताण सहा विषयांचा नव्हता, या चार परीक्षांच्या चार शिस्तींचा होता. विषय तोच ठेवून परीक्षा कमी करता येते, हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

दाराचं म्हणाल तर काही दारं दोन्हीकडून उघडतात. बी.फार्मसीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि सोबत मॅथ्स किंवा बायोलॉजी चालतं. कृषी पदवीला दोन्ही ग्रुपची मुलं जातात. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांना मॅथ्स लागत नाही. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएतून (सैन्यदलांच्या प्रबोधिनीतून) हवाई दल किंवा नौदल हवं असेल तर मात्र मॅथ्सशिवाय अडतं, तिथे गोड बोलून उपयोग नाही. आणि राहिलेला विषय नंतर बारावी पास झाल्यावर एकट्याचा देता येतो. बोर्डाच्या अर्जात त्याला आयसोलेटेड विषय म्हणतात. वर्ष जातं, कष्ट पडतात, पण दार कुलूप लागल्यासारखं बंद होत नाही. १९९५ च्या त्या मुलालाही हे कुणी सांगितलं नसावं.

तिसऱ्या भेटीला तिघं एकत्र. वडिलांनी घरी बोलून घेतलं होतं, ते मुलीच्या बसण्यावरूनच कळलं. मी दोन कामं दिली. एक, कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विषय बदलायची शेवटची तारीख आणि बदली कोणते विषय शिकवतात ते लिहून आणायचं. हे काम मी नेहमी मुलांनाच करायला लावते, पालकांना नाही. दुसरं, दिवाळीपर्यंत जेईईचा क्लास बंद. मॅथ्स फक्त बोर्डापुरतं, आठवड्याला पाच तास, पाठ्यपुस्तकातली स्वाध्यायाची उदाहरणं, तीही उत्तर न बघता. बायोलॉजी संध्याकाळी जेवणाआधी. रात्री अकराला दिवा बंद.

क्लासची फी भरलेली होती आणि ती परत मिळणार नव्हती. वडिलांना हे जड गेलं. एमआरच्या पगारातून साठवलेले पैसे होते, मला त्याची जाणीव होती. तरीही मी ठाम राहिले. भरलेल्या फीसाठी मुलीला वर्षभर तिथे बसवलं तर पैसेही जातात आणि वर्षही.

दिवाळीनंतर ती आली तेव्हा मॅथ्स सोडेल असंच मी धरून चालले होते. तिनं सोडलं नाही. सहामाहीत पन्नासपैकी सव्वीस आले होते, "पण माझे मी सोडवलेले आहेत," असं तिनं दोनदा सांगितलं. बोर्डाला मॅथ्स ठेवायचं, प्रवेश परीक्षा मात्र नीट आणि पीसीबीची (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) सीईटी एवढ्याच, जेईई नाही. हा निर्णय तिनंच घेतला. मी सुचवला नव्हता आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला तो थोडा धोक्याचाही वाटला होता.

याच वर्षी एक मुलगा आला होता, त्याला मी अगदी उलट सांगितलं. दोन्ही ग्रुप नक्की ठेव. त्याला संशोधनात जायचं होतं, पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेची त्याला ओढ होती. त्या प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात, आणि मॅथ्स-बायोलॉजी दोन्ही आवडणाऱ्याला त्यात खरा फायदा. आणखी एका मुलीनं जुलैतच मॅथ्स सोडून भूगोल घेतला, दोन आठवड्यांत ती हसायला लागली. तिच्याबाबतीत मला तीन भेटींची गरजच पडली नाही.

म्हणून 'किती विषय' याचा एकच आकडा मी कुणाला देत नाही. पालकांना मी विचारते की हा विषय कुणासाठी ठेवलाय, मुलासाठी की आपल्या मनातल्या जुन्या हुरहुरीसाठी? आणि मुलांना म्हणते, पहिल्या युनिट टेस्टच्या मार्कांवर काही सोडू नका. आधी आठवडा कागदावर मांडा, झोपेचे तास धरून. सहा तासांच्या खाली झोप जात असेल तर कुठलाही विषय सोडण्याआधी एक परीक्षा सोडून बघा. आणि जेवण तुटलंय, रडू येतंय, 'मी होते' अशी भाषा सुरू झालीय असं दिसलं, तर विषयांचं बोलणं बाजूला ठेवून आधी कुणाकडे तरी घेऊन जा.

ती मुलगी आता बारावीत आहे. फेब्रुवारीत बोर्ड, मे महिन्यात नीट. अकरावीला मॅथ्समध्ये शंभरपैकी अठ्ठावन्न मिळाले. जूनमध्ये वडीलच तिला म्हणाले, "आता सोडलंस तरी चालेल," तर म्हणाली, "राहू दे, आता त्याचा त्रास होत नाही."

डब्याचं मी आईला मुद्दाम विचारलं. "अर्धा संपतो," म्हणाल्या. मला अजून तेवढ्यावर बरं वाटत नाही. पुढच्या महिन्यात तिला परत बोलावलं आहे.