बर्फात मीठ: वितळतो तरी गार कसा?

प्रश्न : पॉट आइस्क्रीम करताना आई बर्फात जाडे मीठ घालते. मीठ पडले की बर्फ भराभर वितळायला लागतो. मग थंडावा वाढतो कसा? बाजारातून आणलेल्या मासळीच्या बर्फातही मीठ घालावे का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : आईचे बरोबर आहे. बर्फ वितळला म्हणजे तापला, असे तुम्ही धरून चाललात, तिथे घोळ आहे.

बर्फ वितळायला उष्णता लागते. ग्रॅममागे सुमारे 80 कॅलरी. ओल्या बर्फावर सतत दोन व्यवहार चालतात : काही रेणू बर्फातून सुटून पाण्यात जातात, काही पाण्यातून परत बर्फाला चिकटतात. 0 अंशाला हा जमाखर्च जुळतो. पाण्यात मीठ विरघळले की परत चिकटणारे कमी होतात, सुटणारे सुटतच राहतात. म्हणून बर्फ झपाट्याने वितळतो. त्यासाठीची उष्णता इतक्या घाईत बाहेरून कुठून मिळणार? ती उरलेल्या बर्फातून, खाऱ्या पाण्यातून आणि आतल्या डब्यातल्या दुधातून ओढली जाते. तापमान घसरते ते असे.

शाळेत मी हा प्रयोग मुलांना नेहमी दाखवत असे. प्रयोगशाळेतल्या साध्या थर्मामीटरवर आकडे उणे 10 पर्यंतच असतात. बर्फाचा चुरा आणि नेरूळच्या मिठागरातले मीठ नीट कालवले, की पारा शेवटच्या रेघेच्याही खाली जाऊन बसायचा आणि मागच्या बाकावरची मुले पुढे यायची. या मिश्रणाची खालची मर्यादा सुमारे उणे 21 अंश. घरच्या बादलीत तेवढे गाठता येत नाही, आणि गरजही नसते. दुधात साखर असल्यामुळे ते 0 अंशाला गोठत नाही, आणखी दोन-तीन अंश खाली जावे लागते. नुसत्या बर्फात हँडल कितीही फिरवा, मानकुराद आंब्याचा रस घातलेले दूध गारेगार होईल, आइस्क्रीम होणार नाही.

तीन वाट्या कुटलेल्या बर्फाला एक वाटी मीठ पुरे. जाडेच घ्या, बारीक मीठ लगेच विरघळून पाण्याबरोबर तळाला जाते. डबा उघडण्याआधी झाकण पुसा, नाहीतर पहिला चमचा खारट. आणि पोरांना त्या मिश्रणात हात घालू देऊ नका. कातडी खरोखर भाजल्यासारखी होते.

मासळीला मात्र मीठ नको. बांगडा उणे एक-दोन अंशांच्या आसपास गोठू लागतो. मीठ घातलेल्या बर्फात तो बाहेरून अर्धवट गोठतो, मांसात बर्फाचे स्फटिक होतात आणि कढईत टाकल्यावर पाणी सुटून तो फुटतो. शिवाय बर्फही लवकर संपतो. संध्याकाळपर्यंत ठेवायचा असेल तर खाली-वर नुसता बर्फाचा चुरा घाला आणि पाणी निथळायला डब्याला भोक ठेवा.