2147483647 ही मूळ संख्या आहे हे कॉम्प्युटर नसताना कसं सिद्ध केलं? आणि त्या संख्येत एवढं खास काय?

त्यासाठी लागणारे भागाकार मी स्वतः हातानं केलेत म्हणून लिहितोय. अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत, दोनशे पानी वहीत. घरातला कॅल्क्युलेटर आठ आकडी, ही संख्या दहा आकडी, त्यामुळे तो बादच.

संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1. वर्गमूळ 46340 च्या जरा पुढे, म्हणजे सरळ गेलं तर साडेचार हजारांवर मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. पण p या मूळ संख्येनं हिला भाग जात असेल तर p ला 62 नं भागल्यावर बाकी 1 च यायला हवी (फर्माच्या छोट्या प्रमेयावरून: 2 च्या p−1 व्या घाताला विषम मूळ p नं भागलं की बाकी 1), आणि 2 चा 32 वा घात हा 2 च्या 16 व्या घाताचा वर्ग, त्याला p नं भागल्यावर बाकी 2 उरते; एखाद्या वर्गाची बाकी 2 येते त्यावरून p ला 8 नं भागल्यावर बाकी 1 किंवा 7. दोन्ही जुळवलं की 248k+1 आणि 248k+63 एवढ्याच दोन रांगा उरतात आणि त्यांत 46340 पर्यंत मूळ संख्या फक्त 84. ऑयलर या गणितज्ञानं 1772 मध्ये बर्नुली या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून हेच कळवलं, तेव्हा त्याची नजर जवळजवळ गेलेली होती.

माझा दादा तेव्हा इंजिनिअरिंगला. म्हणाला, कॉम्प्युटरवर लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्राम) लिहिला की सेकंदात होतं, कशाला सुट्टी घालवतोस. मी रोज आठ-दहा भागाकार करायचो, आणि पन्नासाव्याच्या आसपास एक दिवस बाकी शून्य आली! दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही, ऑयलर चुकलाय असंच वाटत होतं, शेवटी भाजक आणि भागाकार उलट गुणून बघितले तेव्हा एक हातचा राहिलेला सापडला. दादा आजही हा विषय निघाला की सेकंदाचंच सांगतो. सेकंदात भागाकार होतात हो, पण साडेचार हजारांवरून 84 वर का येता येतं हे तो लूप सांगत नाही, आणि मला तेच हवं होतं. ज्याला कळायचंय त्यानं निदान दहा भागाकार तरी हातानं करावेत, या मतावर मी ठाम आहे.

खास काय म्हणाल तर 32 बिटांच्या चिन्हासकट पूर्णांकाची ही कमाल मर्यादा, म्हणून 1970 च्या सुरुवातीपासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणाऱ्या जुन्या सिस्टिमचं घड्याळ 19 जानेवारी 2038 ला आपल्याकडे सकाळी 8:44:07 नंतर एकदम मागच्या तारखेवर उडी मारेल. बाकीचं शोधलंत तर सापडेल.

आणि हो, घात मूळ असला म्हणजे संख्या मूळ असतेच असं नाही. 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047, तो 23 गुणिले 89. गंमत म्हणजे हा 2047 वरच्या दुसऱ्या रांगेतच येतो, तो खोडायला विसरू नका. 2024 मध्ये सापडलेल्या चार कोटींहून जास्त अंकांच्या मूळ संख्येला ही भागाकाराची रीत अजिबात चालणार नाही, तिथे लुकास-लेमर चाचणी (2 चा घात वजा 1 अशा संख्या भाजक न शोधता तपासायची रीत) लागते.

सुरुवात 311 पासून करा. बाकी 35 यायला पाहिजे, नाही आली तर हातचे तपासा.