टेझरचा ट्रिगर किती सेकंद दाबला होता?

गेल्या अंकात पोलिसांच्या स्टन गनवर (विजेचा झटका देणारी बंदूक, टेझर हा तिचा ब्रँड) मी दोनच परिच्छेद लिहिले होते, की हे हत्यार 'जीव न घेणारं' म्हणून विकलं जातं पण हिशोब मात्र कुणी मागत नाही, आणि त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. पाच घेतलीयेत. दुसऱ्याला जास्त जागा गेली, जाऊ दे.

प्रश्न: ताई, घरातल्या सॉकेटचा शॉक बसला तरी माणूस जातो, मग ५०,००० व्होल्टने जिवंत राहतो कसा? का तो आकडा नुसता जाहिरातीचा?

उत्तर: आकडा खरा आहे पण ती अर्धीच गोष्ट. ५०,००० व्होल्ट लागतात ते ठिणगीला हवेतून आणि जाड कपड्यांतून उडी मारता यावी म्हणून, अंगापर्यंत पोचेस्तोवर ते हजार-बाराशेवर येतात, आणि माणसाला मारतो तो करंट, तो इथे सरासरी दोन-तीन मिलिअँपिअर, तोही सलग नाही, सेकंदाला साधारण १९ बारीक झटके. टेझरमधून दाबलेल्या नायट्रोजनच्या जोरावर दोन काटे सुटतात, माशाच्या गळासारखा आकडा असलेले, मागे बारीक तार. दोन्ही रुतले आणि मध्ये फूटभर अंतर पडलं की स्नायू आखडतात आणि माणूस ओंडक्यासारखा कोसळतो. एक जरी चुकला तरी सर्किटच पूर्ण होत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे यंत्र थेट अंगाला टेकवायचं, त्याला ड्राइव्ह स्टन म्हणतात, त्यात माणूस जखडला जात नाही, नुसतं दुखतं. म्हणजे आधीच बेड्या घातलेल्याला कोणी तीन-तीनदा टेकवत असेल तर तो त्याला आवरत नाहीये हे उघड आहे.

आणि माणसं मरतच नाहीत असं अजिबात नाही. रॉयटर्सने २०१७ मध्ये अमेरिकेतली हजाराहून जास्त प्रकरणं मोजली होती ज्यात टेझर चालवल्यानंतर माणूस दगावला, दर वेळी कारण टेझरच होतं असं नव्हे. पण २००९ मध्ये छातीवर नेम धरणं टाळा असं खुद्द कंपनीनेच पोलिसांना सांगितलं, ते उगाच नाही.

प्रश्न: मी लॉ करतोय. ताई, रिपोर्टमध्ये कायम एकच वाक्य, 'प्रतिकार केल्याने बळ वापरावे लागले'. तिथे माणसं दोनच, एक पोलीस आणि एक जमिनीवर पडलेला, मग खरं काय ते कळणार कसं?

उत्तर: तिसरा साक्षीदार असतो की, ती गनच. पोलिसांकडच्या टेझरमध्ये प्रत्येक वेळी ट्रिगर कधी दाबला आणि किती सेकंद चालू राहिला याची नोंद आपोआप होते, ती नंतर कॉम्प्युटरवर उतरवता येते. पूर्वीपासूनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तर कार्ट्रिज (काटे आणि तार असलेली डबी) फुटलं की लग्नातल्या कागदी फुलांसारखे बारीक बारीक तुकडे जमिनीवर पसरतात आणि त्यावर कार्ट्रिजचा नंबर असतो, म्हणजे कुणाचं होतं तेही कळतं.

एक दाब म्हणजे पाच सेकंद, पण बोट ट्रिगरवर तसंच ठेवलं तर करंट चालूच राहतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये टेलफर्डला डॅलियन ॲटकिन्सन हा जुना फुटबॉलपटू वारला, वडिलांच्या घरासमोर त्याच्यावर पोलीस बेंजामिन मंकने टेझर चालवला होता आणि नोंदीत सेकंद निघाले ३३. पाचच्या जागी तेहेतीस! शिवाय पडलेल्याच्या डोक्यावर लाथा, कपाळावर बुटाच्या नाडीची नक्षी उमटलेली. २०२१ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी आठ वर्षांची शिक्षा झाली. नोंद आणि नाडीची खूण नसती तर 'प्रतिकार केला' यावरच फाइल बंद झाली असती असं मला वाटतं.

पण तुम्ही वकील होणार म्हणून सांगते, नोंदीवर आंधळा विश्वास नको. ती ट्रिगरची वेळ सांगते, करंट खरंच अंगात गेला का ते जुन्या मॉडेलमध्ये कळत नाही, काटा निसटला असेल किंवा तार तुटली असेल. आणि कारण तर ती सांगतच नाही. अजून एक, स्नायू आखडलेल्या माणसाला पोलीस ओरडत असतात 'हात मागे घे, हात मागे घे', आता तो बिचारा घेणार कुठून, हात त्याच्या ताब्यातच नाहीत, आणि कागदावर तेच 'आदेश पाळला नाही' म्हणून येतं आणि पुढच्या पाच सेकंदांचं कारण बनतं. म्हणून अमेरिकेत २०११ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की दर पाच सेकंदांनंतर थांबून पुन्हा विचार करा, प्रत्येक दाबाचं वेगळं कारण द्या आणि एकूण १५ सेकंदांच्या वर गेलात तर जिवाचा धोका वाढू शकतो.

कागद आणि खरं यातली दरी बघायची तर व्हँकुव्हर विमानतळ, ऑक्टोबर २००७. रॉबर्ट जेकान्स्की, पोलंडहून आलेला, इंग्रजी येत नाही, कित्येक तास आत अडकलेला, शेवटी भांबावून सामान फेकायला लागला. पोलीस आले आणि अर्ध्या मिनिटात टेझर, एकूण पाच वेळा, हातात काय तर स्टेपलर. तो तिथेच गेला. एका प्रवाशाने सगळं शूट केलं होतं, तो व्हिडिओ पोलिसांनी घेतला आणि परत द्यायला टाळाटाळ केली, तो बाहेर आल्यावर मात्र पोलिसांनी सांगितलेलं काही जुळेना. पुढे चारपैकी दोन पोलिसांना शिक्षा झाली ती मृत्यूसाठी नाही हं, चौकशी आयोगासमोर खोटं बोलल्याबद्दल.

(जाता जाता: टेझर बनवणारी कंपनी, आताचं नाव ॲक्सॉन, तीच पोलिसांना बॉडी कॅमेरे आणि त्यातलं फुटेज साठवायची क्लाउड सेवाही विकते. हत्यार, साक्षीदार आणि साक्षीदाराची खोली, तिन्हींचा मालक एकच. मला हे पचत नाही.)

प्रश्न: माझे वडील पोलिसात होते. गोळीपेक्षा टेझर बरा की नाही? तुम्ही पोलिसांच्याच मागे का लागता?

उत्तर: गोळीपेक्षा बरा, शंभर टक्के. चाकू घेऊन अंगावर येणाऱ्यासमोर टेझर असला तर दोघंही जिवंत घरी जातात, आणि ब्रिटनमध्ये तर बहुतेक वेळा तो चालवावाही लागत नाही, छातीवर लेझरचा लाल ठिपका दिसला की माणूस थंड होतो. तिथे नुसता बाहेर काढला तरी वापर म्हणून नोंद होते, ही पद्धत मला आवडते.

अडचण अशी की तो फक्त गोळीच्या जागी येत नाही, बोलण्याच्या जागीही येऊन बसतो. ऑस्ट्रेलियात कूमा गावी मे २०२३ मध्ये क्लेअर नॉलंड या ९५ वर्षांच्या डिमेन्शिया झालेल्या आजी वॉकर धरून उभ्या, हातात जेवणाच्या टेबलावरची सुरी, वजन जेमतेम ४८ किलो. तीन मिनिटं बोलणं झालं नाही तोच पोलिसाने वैतागून टेझर चालवला. करंटने नाही, पडून डोक्याला मार लागल्याने त्या आठवड्याने गेल्या. ज्युरीने २०२४ मध्ये दोषी धरलं, कोर्टाने तुरुंगात मात्र पाठवलं नाही. तुमच्या वडिलांनाच विचारा, त्या खोलीत पिस्तूल कुणी काढलं असतं का? नसतं काढलं. खुर्ची ओढून बसले असते.

प्रश्न: टेझर समजून पिस्तूल झाडलं, असं खरंच होतं का थाप?

उत्तर: झालंय. एप्रिल २०२१, मिनेसोटा, किम पॉटर, पोलिसात २६ वर्षांची नोकरी, 'टेझर टेझर' ओरडत डॉन्टे राइटला गोळी घातली. टेझर पिवळा आणि डाव्या बाजूला, पिस्तूल काळं आणि उजव्या, तरीही. थाप नव्हती हे कोर्टालाही मान्य होतं, शिक्षा बेफिकिरीतून झालेल्या मनुष्यवधाची झाली, दोन वर्षं.

प्रश्न: ताई, माझ्या भावावर परवा टेझर चालवला. तो बरा आहे पण आम्हाला तक्रार करायचीये. आधी काय करू?

उत्तर: आधी डॉक्टर, आजच, बरा वाटत असला तरी, हृदयाचा ईसीजी आणि डोक्याला मार लागलाय का ते बघून घ्या आणि कागद घ्या. मग अंगावरच्या खुणांचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून. काट्यांची दोन बारीक भोकं दूर दूर असतात, टेकवलेल्याचे दोन लाल डाग साधारण चार सेंटिमीटरवर जोडीने असतात, अशा जोड्या किती ते मोजा. या खुणा थोड्याच दिवसांत जातात म्हणून घाई. तक्रारीत नुसतं 'फुटेज द्या' लिहू नका, गनचा नंबर, ट्रिगरची पूर्ण नोंद, वापरलेली कार्ट्रिज, काटे आणि बॉडी कॅमेऱ्याचं मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा असं एकेक नाव घेऊन लिहा, पोच घ्या. आणि त्या दिवशीचा शर्ट धुऊ नका. धुतला असला तरी टाकू नका, भोकं तशीच राहतात.