2147483647 ही मूळ संख्या आहे हे हाताने सिद्ध करता येतं का? आणि तिचं एवढं कौतुक का? (उत्तर)

येतं. ही संख्या म्हणजे 2^31 − 1, आणि गणितज्ञ ऑयलरने ते 1772 मध्ये केलं होतं, तेव्हा कुठला आलाय कॅल्क्युलेटर. पण "31 मूळ आहे ना, मग 2^31 − 1 पण मूळच" असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. माझ्या मोठ्या काकांनी मला नेमकं हेच सांगितलं होतं.

नववीत होतो, इंदूरला रामबागेत घर, काका गणिताचे मास्तर, म्हणजे घरात गणितात शेवटचा शब्द त्यांचा. मी रफ कॉपीत एकेक करून पाहत होतो, 2 च्या घातांकात 2, 3, 5, 7 घालून 1 वजा केला की 3, 7, 31, 127, सगळे मूळ, आणि 11 ला गाडी अडली. 2047. 7 ने नाही, 13 ने नाही, 17, 19 ने नाही, 23 ने भागलं तर बरोब्बर 89! तीनदा भागून पाहिलं. रात्री जेवताना कॉपी काकांपुढे ठेवली तर म्हणतात, "एखादा अपवाद असतोच, तू आधी जेव." गणितात अपवाद! बाबा खाली मान घालून भात कालवत बसले, ते मला जास्त लागलं.

बरं मर्सेन या फ्रेंच गणितज्ञाचा आधार घ्यावा, तर कुठल्या घातांकाला 2^n − 1 मूळ येते त्याच्या 1644 च्या यादीत त्याने 11 घेतलाच नव्हता. 67 मात्र घेतला आणि तिथे तोही फसला, 1903 मध्ये कोल या गणितज्ञाने 2^67 − 1 = 193707721 × 761838257287 करून दाखवलं.

हां, तुमचं सिद्ध करणं. 2^31 − 1 ला जो मूळ विभाजक असेल तो 248k + 1 किंवा 248k + 63 (k म्हणजे 0, 1, 2...) असाच हवा, आणि वर्गमूळ 46340 च्या जरा पुढे, तेवढ्यापर्यंतच जायचं. 63 आणि 249 मूळ नाहीत, म्हणून पहिला भागाकार थेट 311 ने, बाकी 35 उरते. असे शंभराच्या आतच भागाकार होतात. एका रविवारचं काम. 248 का, तर विभाजक 62 ने भागला की बाकी 1 हे फर्माच्या छोट्या प्रमेयातून निघतं, आणि 8 ने भागला की बाकी 1 किंवा 7 हे 2 कधी वर्ग-अवशेष असतो त्या नियमातून, दोन्ही जोडून काढून बघा. आणि हो, 248 आणि 63 हे आकडे या एकाच संख्येचे, घातांक बदलला की तेही नव्याने काढायचे, नाहीतर फसाल.

कौतुक म्हणाल तर संगणकातल्या 32 बिटच्या चिन्हासहित (signed) इंटिजरची, म्हणजे पूर्णांकाची, ही कमाल किंमत, आणि कित्येक दशकं सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या हीच होती.

तसे काका वाईट नाहीत, तिसापर्यंतचे पाढे त्यांनीच पाठ करून घेतले माझ्याकडून. पण ऑक्टोबर 2024 मध्ये 2^136279841 − 1 सापडली, 4 कोटी 10 लाखांहून जास्त अंकांची, तेव्हा फॅमिली ग्रुपवर बातमी त्यांनीच टाकली आणि खाली लिहिलं, "घातांक मूळच आहे, बघ."

मी फक्त 2047 टाइप केलं. निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही.