वाट एक, आकडे वेगवेगळे

प्रश्न : आमचे स्वयंसेवक दर महिन्याला एकाच वाटेवर फुलपाखरं मोजतात. एकाला १० दिसतात, दुसऱ्याला ३०. अशा नोंदींचा उपयोग काय?

उत्तर : फरक बहुधा नजरेपेक्षा पद्धतीचा असतो. साधारण १ किलोमीटरची वाट पक्की करा आणि अधिवासानुसार तिचे तुकडे पाडा. संथ, एकसारख्या चालीने जायचं. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे ५ मीटर, एवढ्याच चौकटीतली फुलपाखरं मोजायची. चौकटीबाहेरचं कितीही देखणं असो, ते वेगळ्या रकान्यात. मागे वळून मोजू नका. दुबार नोंद तिथेच होते. मोजणारा एकच, दुसऱ्याने फक्त लिहायचं. चौघं मोजू लागले की आकडा फुगतो आणि आधीच्या फेरीशी तुलना उरत नाही.

महिन्यातून एक फेरी विरळच. जमल्यास आठवड्याला, ऊन असताना, वारा कमी असताना करा. वेळ, ढग, वारा दरवेळी लिहा. एकही दिसलं नाही तर शून्य लिहा, नाहीतर फेरी झाली की नाही हेच कळत नाही. ओळख पटली नाही तर कुळापर्यंतच नोंद करून फोटो जोडा. अंदाजाने ठोकून दिलेलं नाव नंतर शोधणं फार जिकिरीचं.